घराभोवतीचे जिवाणू आणि आपली जबाबदारी



आपल्याकडे रात्रीच्या वेळी सापाचे नाव घेत नाहीत. जिवाणू म्हणतात, लांबडे म्हणतात. चावला असेही म्हणत नाहीत, 'पान लागले' म्हणतात. नाव घ्यायचीसुद्धा ज्याची भीती, त्याच्या बंदोबस्ताची रीत मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकच चालत आली आहे. आरडाओरडा करायचा, काठी आणायची, ठेचायचे आणि नेऊन जाळायचे. गेल्या काही वर्षांत दुसरी रीत आली. सर्पमित्राला फोन लावायचा, त्याने जिवाणू बरणीत भरून न्यायचे आणि आपण दार लावून निवांत झोपायचे. पहिलीपेक्षा दुसरी रीत शंभर पटीने बरी, यात शंका नाही. परंतु दोन्ही रीतींत एक प्रश्न विचारायचा राहूनच जातो. ते जिवाणू आपल्या दारात आले कशाला?

आमचे मत थोडक्यात असे आहे. साप घरात शिरतो तो कोणाला चावायला नव्हे. त्याला उंदीर हवा असतो, आडोसा हवा असतो, पावसाळ्यात कोरडी आणि उन्हाळ्यात गार जागा हवी असते. ही सगळी सोय आपणच आपल्या अंगणात करून ठेवतो. मांडलेले ताट जोवर उचलत नाही, तोवर एक मारला काय अन् एक पकडून नेला काय, दुसरा येणारच. आणि 'आपले घर' म्हणजे नुसता आपला वाडा नव्हे. शेतातला आखाडा त्यात आला, गड्याची खोली त्यात आली, आणि आपल्या उसाच्या तोडीसाठी आलेल्या टोळीची कोपीही त्यात आली.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा हिशेब अभ्यासकांनी २०२० साली मांडला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली, आणि पुष्कळशी दवाखान्यात न पोहोचता घरीच गेलेली. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या चार महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. चांगली गोष्ट आहे. पण सरकारी लस ही दंश झाल्यानंतरची गोष्ट झाली. दंशच होऊ न देणे, हे काम ज्याचे त्याच्या दारातले आहे. ते दिल्लीहून कोणी येऊन करणार नाही.

आता आपला मुलूख पाहा. किनवट-माहूरचा डोंगराळ भाग सोडला तर नांदेड जिल्ह्याच्या बागायती पट्ट्यात जंगल असे नाहीच, आणि लातूर जिल्ह्यात तर ते नावापुरते. मग ही जनावरे राहतात कुठे? धुऱ्यावर, ओढ्याच्या काठाला, पडक्या विहिरीत आणि आपल्या उसात. ज्वारी-सोयाबीन तीन-चार महिन्यांत निघून जाते, रान उघडे पडते. ऊस मात्र बारा महिने, आडसाली असला तर अठरा महिने उभा. आत सावली, ओल, पाचटाचा थर आणि उंदरांचा सुकाळ. गोदावरी, मांजरा, मन्याड, तेरणा यांच्या काठचा ऊस म्हणजे जिवाणूंच्या दृष्टीने जंगलच आहे, फक्त त्याचा सातबारा आपल्या नावावर आहे. तेव्हा 'जनावर आमच्या रानात घुसले' ही तक्रार जरा बेतानेच करावी.

त्यातही दिसेल तो साप विषारी, हा समज आधी डोक्यातून काढला पाहिजे. माणसाला मारणारे मुख्य साप चारच: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग फणा काढतो, त्यामुळे तो ओळखता येतो. घोणस जाड, तपकिरी, अंगावर साखळीसारखे गोल ठिपके, आणि डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते. फुरसे वीतभर-दीड वीत, खडकाळ माळाला राहणारे, अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज करणारे. मण्यार काळसर, अंगावर पांढरे बारीक पट्टे, दिवसा दडून राहणारा आणि रात्री फिरणारा. घराच्या दृष्टीने सर्वांत घातकी हाच. भिंतीच्या फटीतून आत येतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो, आणि माणसाने कूस बदलली की चावतो. दंश इतका बारीक की झोप मोडत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, मळमळते, पापण्या जड होतात, जीभ अडखळते. घरचे म्हणतात, रात्रीचे काही बाधले असेल. ओवा-सोडा देत बसतात आणि वेळ निघून जाते.

याउलट धामण, दिवड, कवड्या, मांडूळ हे सगळे बिनविषारी. धामणीबद्दल तर आपण काय काय बोलतो! म्हशीच्या पायाला वेढा घालून दूध पिते, शेपटी मारली की जनावर लुळे पडते. यातले काहीही खरे नाही. साप दूध पीत नाही, डूख धरत नाही, जोडीदाराचा सूडही घेत नाही. धामणीचे खरे काम उंदीर खाणे. आपण पगार देत नाही असा रानातला तो राखणदार आहे. तिला मारून आपण उंदरांना मोकळे रान देतो, आणि उंदीर वाढले की त्यांच्या वासावर नाग घरापर्यंत येतो. म्हणजे निरुपद्रवी साप मारून आपणच विषारी सापाला वाट करून दिली. मांडुळाची तर आणखी वेगळी दैना. 'दोन तोंडांचा' म्हणून गुप्तधनाच्या नादी लागलेले लोक ते पकडून विकतात. धन कोणालाच मिळत नाही, पोलिसांच्या हाती लागले तर कोठडी तेवढी मिळते.

"मारू नका म्हणता, मग काय घरात पाळावं काय? लेकराबाळाचं घर हाय!" असा सवाल कोणीही आई-बाप करतील, आणि तो योग्यच आहे. लेकरापेक्षा साप मोठा, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे असे की, मारण्याने लेकरू सुरक्षित होत नाही. पुष्कळ दंश होतात ते काठी घेऊन मागे लागलेल्या माणसालाच. कोपऱ्यात कोंडलेल्या जनावराला चावण्याखेरीज दुसरा उपाय राहत नाही. अर्धवट ठेचलेला साप सरपणात शिरला की तो आणखी धोक्याचा. मेलेला समजून हात लावला आणि दंश झाला, असेही घडते. शिवाय साप मारणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. श्रावणात नागपंचमीला आपण वारुळाला जातो. त्या दिवशी चिरायचे नाही, तळायचे नाही, नांगर धरायचा नाही, असे पाळतो. कोणाचे वारूळ दुखावू नये म्हणूनच ना? मग त्या एका दिवसाची बुद्धी बाकीच्या ३६४ दिवसांना का पुरू नये?

आता दुसऱ्या रीतीकडे वळू. 'मारू नका, पकडून दूर सोडा' हे ऐकायला गोड आहे. पण उचलून दूर नेऊन सोडण्याने काय होते, याचा मोठा धडा उसाच्याच पट्ट्यात मिळालेला आहे. तो सापाचा नाही, बिबट्याचा आहे, पण लागू पडतो म्हणून सांगतो. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात उसात बिबटे राहू लागले. २००१ पासून पिंजरे लावून ते मोठ्या प्रमाणात पकडले आणि दूरच्या जंगलात नेऊन सोडले. पुढे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. या मोहिमेआधी त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, मोहीम सुरू झाल्यावर ते सतरापर्यंत गेले. जिथे नेऊन सोडले, त्या भागातही हल्ले सुरू झाले. परक्या मुलखात टाकलेले जनावर बिथरते, आणि इकडे रिकाम्या झालेल्या जागी दुसरे येऊन बसते. ऊस तोच, कुत्री-शेळ्या त्याच, मग जागा रिकामी कशी राहील?

सापाचेही तसेच आहे. त्याला आपल्या टापूतली बिळे, पाण्याची जागा, शिकारीची जागा ठाऊक असते. पंचवीस-तीस किलोमीटरवर नेऊन टाकलेला साप भटकत राहतो, उघड्यावर येतो, वाहनाखाली सापडतो, उपाशी मरतो. आणि इकडे आपल्या अंगणातले उंदीर शाबूत असले की रिकामे बीळ दुसरा घेतो. म्हणून पकडलेला साप वनखात्याला कळवून, शक्यतो त्याच भागात, वस्तीपासून थोड्या अंतरावर, आडोशाच्या जागी सोडला पाहिजे.

सर्पमित्रांविषयीही एक शब्द. महाराष्ट्रात सापांबद्दलची भीती कमी करण्याचे श्रेय काही मोठ्या माणसांना आहे. पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास काढले. डिवचले नाही तर साप चावत नाही, हे लोकांना दाखवण्यासाठी ते केले. त्यांच्याच खटपटीतून १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. पण त्यांचे पाहून आज गल्लीगल्लीतली पोरे नागाला हातात धरून मोबाईलसमोर उभी राहतात, ती सेवा नव्हे. गळ्यात साप घालून फोटो काढणारा सर्पमित्र बोलावू नये. चिमटा-हूक, पाईप आणि पिशवी वापरणारा, वनखात्याकडे नोंद करणारा, मुकाट्याने काम करून जाणारा असावा. तो येईपर्यंत आपण काय करायचे? लेकरांना आणि जनावरांना बाजूला घ्यायचे, चार-पाच हात लांब उभे राहून सापावर नजर ठेवायची, बाहेरची वाट मोकळी ठेवायची. पुष्कळदा तो आपणच निघून जातो. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

हे झाले जिवाणू निघाल्यानंतरचे. खरे काम त्याआधीचे. घराभोवती एक फेरी मारा. सरपणाचा ढीग भिंतीला टेकून आहे काय? तो भिंतीपासून दूर, दगड-विटांवर हातभर उंच रचा. गोवऱ्या आणि कडब्याची गंजी घरापासून लांब असू द्या. गंजीतून पेंढी ओढताना आधी काठीने दणका द्या, मग हात घाला. उकिरडा दारात नको. शिळ्या भाकरीचे तुकडे, सांडलेले धान्य, कोंबड्यांचे दाणे यांवर उंदीर येतात. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा. कोंबड्यांचे खुराडे घराला लागून नसावे, त्याला बारीक जाळी असावी. अंड्यांसाठी आणि पिलांसाठी साप येतोच. मोरीच्या तोंडाला जाळी बसवा. दाराखाली बोटभर फट असेल तर पट्टी ठोका.

आपल्याकडची जुनी घरे माळवदाची, दगड-मातीची. भिंतीत फटी, फटीत उंदीर, उंदरामागे साप. दिवाळीला आपण भिंती सारवतो, रंग देतो. त्याआधी मृगाच्या तोंडावर एक दिवस काढून घरातली आणि गोठ्यातली सगळी बिळे खडे-सिमेंटने बुजवली, तर तो खर्च एका सिमेंटच्या पोत्याचा आहे. अंगणातले गवत काढा. घराच्या छपरावर आलेली फांदी तोडा. अंगणात दिवा असू द्या, पण अगदी दारावर नको. दिव्याला किडे येतात, किड्यांना बेडूक, बेडकामागे साप. दहा-पंधरा पावलांवर खांब रोवून दिवा लावला तर उजेडही मिळतो आणि ही जत्राही लांब राहते.

जमिनीवर झोपू नये. बाजेवर झोपावे आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचून घ्यावी. मच्छरदाणी डासांसाठी, असे आपण समजतो. पण नेपाळच्या तराईत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशापासून चांगले संरक्षण मिळते. मण्यारासारख्या रात्री फिरणाऱ्या सापावर याहून स्वस्त उपाय जगात नाही. रात्री बाहेर जाताना हातात बॅटरी, पायात बूट. शेतीला रात्रीच्या पाळीची वीज असेल तर दारे धरायला जाणाऱ्याने गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेच पाहिजेत. बूट घालण्यापूर्वी उलटा करून झटकावा, आत विंचू असतो.

याउलट जे उपाय बाजारात विकले जातात, त्यांवर पैसा घालू नका. फिनेल, कार्बोलिक अ‍ॅसिड, जळके ऑईल, लसणाचे पाणी यांनी साप येत नाही याला पुरावा नाही. फिनेलमुळे घरातली माणसे आणि विहिरीचे पाणी मात्र बाधते. भाजीच्या वाफ्याला कुंपण म्हणून लावलेली मासे धरायची नायलॉनची जाळी हीही वाईट. तिच्यात साप अडकतो, सुटायच्या धडपडीत कापला जातो, आणि अडकलेला नाग दारात तडफडत राहणे यासारखा धोका दुसरा नाही. जाळी लावायचीच तर ताठ तारेची, अगदी बारीक छिद्रांची लावा आणि खालची कड जमिनीत पुरा. पुराच्या दिवसांत अधिक जपावे लागते. २०२५ च्या पावसाळ्यात मुखेड तालुक्यात लेंडीचे पाणी गावांत शिरले, ते आपण पाहिले. असा पूर ओसरून माणसे घरी परततात, तेव्हा बिळातून बाहेर पडलेली जिवाणूही कोरड्याच्या शोधात त्याच घरात असतात. अंथरूण-पांघरूण, भांडी, धान्याची पोती काठीने हलवल्याशिवाय उचलू नयेत.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे एवढे लिहायला घेतले तिच्याकडे येतो.

हंगाम सुरू झाला की बीड जिल्ह्यातून, मुखेड-कंधारच्या तांड्यांतून टोळ्या येतात. गावाबाहेरच्या पडीत, नाहीतर फडाच्या कडेला कोपी पडते. चटई, ताडपत्री, वाढ्यांचा आडोसा. जागा कोणती देतो आपण? जी आपल्याला नको ती. दगडगोट्यांची, गवताची, ओढ्याकाठची. त्या गवतात टोळीची लेकरे जमिनीवर झोपतात. शेजारी बैलांच्या वाढ्यांचा ढीग. पहाटे तीन-चारला बाया अंधारात उठून स्वयंपाक करतात आणि फडावर जातात. आमच्या माहितीप्रमाणे पुष्कळ कोप्यांत दिवा नसतो, बाज तर नसतेच. थंडीत साप सुस्त असतो हे खरे. पण फड तुटला की त्याचे घर मोडते आणि तो बाहेर पडतो. घोणस तर थंडीतही सकाळच्या उन्हाला निघते, आणि तोडणाऱ्याचा हात पाचटात असतो. फेब्रुवारी-मार्चला ऊन तापले की सगळीच जिवाणू हालू लागतात. आपल्या घरी आपण बिळे बुजवू, मच्छरदाणी लावू, आणि ज्यांच्या कोयत्यावर आपली काटापावती अवलंबून आहे ती माणसे उघड्यावर ठेवू, तर हा बंदोबस्त कसला?

फड तोडतानाही एक रीत पाळता येते. ऊस एका बाजूने तोडत जावा, चारी बाजूंनी घेरून मधे तुकडा राखू नये. सगळी जनावरे त्या शेवटच्या तुकड्यात कोंडली जातात, आणि मग ससा असो, रानमांजर असो की नाग, सगळे एकदम माणसांच्या अंगावर निघतात. धुऱ्याकडची किंवा ओढ्याकडची बाजू शेवटी ठेवली तर ती आपसूक निघून जातात. फडात पिले सापडली तर उचलून गावात आणू नयेत. बहुधा ती रानमांजराची असतात, आणि लोक बिबट्याची म्हणून हाकाटी करतात. होती तिथेच ठेवून माणसे बाजूला झाली की आई येऊन घेऊन जाते. आणि पाचट जाळण्याचे तर बंदच करा. जाळल्याने जमिनीचा कस जातो हे शेतकी विभाग सांगतच आला आहे. आगीतून पळालेली जिवाणू थेट वस्तीवर येतात, हे दुसरे कारण आम्ही त्यात घालतो. कुट्टी करून पाचट सरीत ठेवावे, पण आखाड्याच्या आणि कोपीच्या भोवतालचा दहा-वीस हातांचा पट्टा मात्र स्वच्छ असावा.

एवढे करूनही पान लागलेच तर? मारुतीच्या पारावर नेऊन बसवायचे, लिंबाचा पाला चारून कडू लागतो का पाहायचे, मांत्रिकाची वाट पाहायची, हे आता सोडले पाहिजे. बिनविषारी साप चावला किंवा विष उतरलेच नाही तर मांत्रिकाकडे नेलेला माणूसही जगतो, आणि यश मंत्राला जाते. विष उतरले असेल तर वेळ गेला की माणूस गेला. घट्ट दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने विष ओढू नका. बांगड्या, अंगठी, जोडवी काढा. हात-पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, धीर द्या. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा. साप मारून दाखवायला नेण्याची गरज नाही. आपल्याकडची लस चारही सापांवर एकच असते. मण्यार चावलेल्याला श्वासाचे यंत्र लागू शकते, घोणस चावलेल्याला मूत्रपिंडाचे उपचार. त्यासाठी पुढे नांदेड किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे लागते, हे आधीच ठाऊक असावे.

मंत्रापेक्षा औषध मोठे, याचा दाखला आपल्याच मराठवाड्याच्या माणसाने दिला आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिम्मतराव बावस्कर कोकणात महाडकडे सरकारी दवाखान्यात गेले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने तिथे लेकरे पटापट मरत. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून निरीक्षण केले, प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून पाहिले, आणि मरणारी लेकरे वाचू लागली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि सापाची लस येते कुठून? घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तापासून ती करतात. त्यासाठी लागणारे विष मोठ्या प्रमाणात पुरवते ती तामिळनाडूतील इरुळा आदिवासींची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था. पूर्वी हे लोक कातड्यासाठी साप मारून जगत. कायद्याने तो धंदा बंद झाला, तेव्हा त्यांनी सहकारी संस्था काढली. परवान्याने साप पकडतात, काही आठवडे ठेवून विष काढतात आणि परत रानात सोडतात. मारणारे हात राखणारे झाले, तेही सहकारातून. आपण तर साखरेचा कारखाना चालवणारी माणसे. आपल्याला एवढे जमू नये?

म्हणून संचालक मंडळापुढे आणि सभासदांपुढे आमच्या चार सूचना आहेत. एक, टोळ्यांचे करार करतानाच प्रत्येक कोपीमागे मच्छरदाणी आणि बॅटरी द्यावी आणि ती उचलीत कापू नये. दोन, कोपीची जागा सभासदाने गवत काढून, दगड उचलून, सपाट करून द्यावी. जागा पाहिल्याशिवाय शेतकी कर्मचाऱ्याने टोळी उतरवू नये. तीन, प्रत्येक गट ऑफिसात जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे याचा फलक लावावा, आणि हंगामापूर्वी खात्री करून तो ताजा ठेवावा. चार, चिटबॉय, मुकादम आणि ट्रॅक्टरचालक यांना एक दिवसाचे प्रथमोपचाराचे शिक्षण द्यावे, कारण पान लागले तर गाडी त्यांच्याच हातात असते.

"कारखान्यानं साखर करावी का साप धरावेत?" असे कोणी विचारील. साप धरायला आम्ही सांगतच नाही. एका मच्छरदाणीचा खर्च तो किती? कोपीत एक लेकरू दगावले तर टोळी रात्रीतून निघून जाते, फड तसाच वाळतो, हा रोकडा हिशेब झाला. पण आम्ही केवळ हिशेबासाठी हे म्हणत नाही. शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात अनुदान योजना आहे, तिच्यात सर्पदंश धरला आहे. त्या योजनेचा आधार खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरच्या एकाला. टोळीतल्या माणसाच्या नावावर सातबारा नसतो. त्याचे लेकरू ज्याच्या रानात झोपते, त्यानेच त्याची काळजी वाहिली पाहिजे.

येळवशीला आपण घरादारासह रानात जातो. कडब्याची कोप करतो, पांडवांची पूजा करतो, भज्जी-आंबील खातो. त्या दिवशी जेवण झाल्यावर अर्धा तास काढा. आखाड्याभोवती फिरा, बिळे मोजा, सरपण हलवा, आणि जवळ टोळी उतरली असेल तर तिच्या कोपीपर्यंतही जाऊन या. यंदा तेवढे झाले तरी पुष्कळ झाले.